तीन 'मागीर' आणि तीन 'नंतर' : गोव्यातल्या मराठी निबंधाची पार्श्वभूमी

'बाबांनी माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला घेतली. मागीर दोरी आणली. मागीर आम्ही नारळ बांधले. मागीर आरती झाली.'

चौथीत असताना चवथीवर, म्हणजे गणेशचतुर्थीवर, मी लिहिलेल्या निबंधातला हा तुकडा. बाईंनी तिन्ही 'मागीर'भोवती लाल शाईने गोल काढले, वर 'नंतर' लिहिलं आणि वही परत दिली. निबंध काही सुधारला नाही. तीन 'मागीर' गेले, तीन 'नंतर' आले.

घरी कोकणी बोलून शाळेत मराठी लिहिणाऱ्या मुलाची गाडी नेमकी इथेच अडते. माटोळी, नारळ, दोरी, आरती हे शब्द दोन्हीकडे चालतात. बदलतात ते सांधे. घरी 'पूण', वहीत 'पण'. घरी 'देखून', वहीत 'म्हणून'. 'जाल्यार'चं 'तर'. शब्द भरपूर असलेलं मूल वाक्याला वाक्य जोडताना बिचकतं, मग छोटी छोटी सुटी वाक्यं लिहून मोकळं होतं. शेरा मिळतो, 'विचार विस्कळीत'. विचार जागेवर असतात हो, जोडायचा दोरा तेवढा हाती नसतो.

पूर्वी गोव्यातल्या गावांत मराठी शिकवायचे ते शेणयमाम. देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरायच्या जागेत) नाहीतर कुणाच्या सोप्यावर त्यांची शाळा भरे. धूळपाटीवर ओनामा, मग बाराखडी, पाढे, पोथीवाचन आणि पत्राचे मायने. निबंध हा प्रकारच नव्हता. लिहिणं म्हणजे हिशेब, नक्कल आणि पत्र. पत्राची सुरुवात 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' अशी ठरलेली, शेवटचं 'कळावे'ही ठरलेलं. मधला मजकूर एका दमात: अमक्यास भेटून, रक्कम देऊन, पावती घेऊन, सबब आपण येणे. मोडीत पूर्णविराम नव्हता, स्वल्पविराम नव्हता, दोन शब्दांत जागा सोडायचीही रीत नव्हती. वाचणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा ते हे 'ऊन', 'तरी', 'सबब'च सांगत. सांधा चुकला तर पत्र कळायचंच नाही, त्यामुळे तो चुकवायची सोय नव्हती.

विरामचिन्हं आली इंग्रजीकडून. मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालची. सोय मोठी झाली, वाद नाही. पण एक टिंब देऊन पुढचं वाक्य कोरं सुरू करायची मुभाही तिथूनच मिळाली, असं मला वाटतं. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली, तिचे ८४ अंक निघाले, आणि 'निबंध' हा शब्द शिकलेल्यांच्या तोंडी रुळला. त्यांची लांबलचक वाक्यं आज दमवतात, पण त्यांत सांधा निसटलेला सहसा दिसत नाही.

हे सगळं घडलं ते पुण्या-मुंबईकडे. गोव्यात सरकारी शिक्षण पोर्तुगीजमध्ये. पणजीचं लिसेव, म्हणजे सरकारी माध्यमिक विद्यालय, १८५४ चं. माझे आजोबा सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेची दुसरी पायरी, शिकलेले. सरकारी अर्ज ते पोर्तुगीजमध्ये मुद्देसूद लिहीत, बहिणीला पत्र मात्र शेणयमामांच्या वळणाचं, 'ऊन'वर 'ऊन' लावत. ५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि इथल्या हिंदूंना उघडपणे संस्था काढायला मोकळीक मिळाली. म्हापशात ज्ञानप्रसारक मंडळ उभं राहिलं, केप्यातून हेगडे देसायांचं 'भारत' हे वृत्तपत्र निघू लागलं. 'मुष्टिफंड' या शिक्षणसंस्थेचं नावच घरोघरून गोळा केलेल्या मूठभर तांदळावरून पडलेलं. याच मातीतले, १८७६ साली सांखवाळला जन्मलेले बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी. त्यांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र अजून कुणी उघडून बघावं: वाक्यं साधी, पण मागच्याचा हात सोडून एकही पुढे जात नाही. शालेय शिक्षण जेमतेम झालेल्या माणसाचं हे गद्य.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. बरेचसे शिक्षक घाटावरून आणि मालवणाकडून आले. १९७५ ला गोवा बोर्ड झालं, तोवर शालान्त परीक्षाही महाराष्ट्राचीच. निबंधाचे विषय तिकडून आयते आले: शेतकऱ्याचं आत्मवृत्त, मी पंतप्रधान झालो तर. गाईडंही आली. पाठ केलेल्या निबंधात 'तसेच', 'शिवाय', 'थोडक्यात' हे सांधे तयारच मिळत, ते कुठल्याही दोन वाक्यांत बसत, म्हणून कशालाच जोडत नसत. १९८७ चा राजभाषा कायदा, त्याच्या आधीनंतरचं कोकणी-मराठीचं भांडण, यांवर इतकं लिहून झालंय की इथे नको. त्या साऱ्या लिखाणात 'मागीर'ची कथा मात्र माझ्या वाचनात आली नाही.

माझी एक मावशी फोंड्याकडच्या शाळेत शिकवायची. ती लाल शाई वापरत नसे. मुलाचीच वाक्यं फळ्यावर लिहायची आणि दोन वाक्यांच्या मधल्या जागेवर खडू टेकवून विचारायची, 'कित्याक?', म्हणजे 'का?' मूल कोकणीत उत्तर द्यायचं. त्या उत्तरातलं 'देखून' ती फळ्यावर 'म्हणून' करून मांडायची, बाकीचं त्यालाच लिहू द्यायची. एकदा माझी ती जुनी वही तिच्या हाती लागली. तीन 'नंतर' बघून हसली, मग पेन्सिल माझ्या हातात दिली. बऱ्याच खाडाखोडीनंतर झालं ते असं: 'बाबांनी दोरी आणल्यावर आम्ही माटोळीला नारळ बांधले, पण गाठ सैल राहिली, म्हणून आरती चालू असताना एक नारळ सुटून थेट भटजींच्या ताम्हणात पडला.'

नारळाची ही गोष्ट पहिल्या निबंधात नव्हतीच.