एक्झॉस्ट फॅन की हवेची जाळी? गॅस गिझरच्या बाथरूममधला घोळ

सोलापुरात गॅस गिझर बसवायला आलेल्या मिस्त्रीला "हवेचं काय?" असं विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "एक्झॉस्ट फॅन लावून घ्या की." मग बाथरूमच्या एकुलत्या एका व्हेंटिलेटरमधल्या काचेच्या पट्ट्या निघतात, तिथे सहा इंची फॅन बसतो आणि उरलेल्या जागेवर प्लायचा तुकडा ठोकला जातो. हवा आत यायची जी एकच वाट होती, ती अशी बुजते, आणि घरातले सगळे समजतात की हवेची सोय झाली.

घोळ इथूनच सुरू होतो. फॅन हवा बाहेर काढतो. जाळी बाहेरची हवा आत घेते. दोन्हींना आपण 'व्हेंटिलेशन' म्हणतो म्हणून ती एकच गोष्ट वाटते, पण एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. गिझरला खरी गरज असते ती आत येणाऱ्या हवेची. जळून तयार झालेला धूर बाहेर नेणं हे तिसरंच काम, आणि ते गिझरच्या डोक्यावरच्या चिमणी पाइपाचं. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात चुलीचा धूर साण्यातून (छतातल्या भोकातून) वर जायचा, कारण खालून दारातून हवा येत असायची. दार-खिडक्या घट्ट लावल्या की साणं असूनही घर धुराने भरायचं. गिझरचं गणित तेच आहे, फरक एवढाच की याचा धूर दिसत नाही.

आता आकडे बघू. मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण ज्योतीवर साधारण 12 किलोवॅटचा असतो, म्हणजे शेगडीचे पाच-सहा मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं. तो तासाला 900 ग्रॅमच्या आसपास गॅस खातो. एक किलो एलपीजी नीट जळायला साडेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे या गिझरला तासाला किमान 12 घनमीटर हवा हवी. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच साडेपाच घनमीटरच्या आत असते. हिशेबाने ती अर्ध्या तासात संपेल, पण अडचण तोपर्यंत थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 18-19 वर आला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढायला लागतो. बंद बाथरूममध्ये ही वेळ एका निवांत आंघोळीतसुद्धा येते. पहिल्याची आंघोळ झाल्या झाल्या दुसरा आत गेला, तर त्याला सुरुवातच अर्ध्या वापरलेल्या हवेवर करावी लागते. दिवाळीच्या पहाटे किंवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना नेमकं हेच होतं. त्यात थंडी वाजते म्हणून उरलीसुरली फटसुद्धा जुन्या चादरीच्या तुकड्याने बुजवलेली असते.

मग जाळी केवढी लागते? अमेरिकेतल्या गॅस जोडणीच्या नियमावलीत, एनएफपीए 54 मध्ये, यासाठी सोपं माप आहे. थेट बाहेर उघडणारी दोन भोकं ठेवायची, एक जमिनीपासून फूटभराच्या आत आणि दुसरं छतापासून फूटभराच्या आत. प्रत्येक भोक गिझरच्या ताशी दर 4,000 बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) एक चौरस इंच मोकळं असायला हवं. 12 किलोवॅट म्हणजे ताशी सुमारे 41,000 बीटीयू, म्हणजे प्रत्येकी साधारण सव्वादहा चौरस इंच. ऐकायला फार नाही. पण हे माप मोकळ्या जागेचं आहे, चौकटीचं नाही. त्याच नियमावलीप्रमाणे लाकडी पट्ट्यांच्या जाळीची पाव जागाच मोकळी धरायची आणि पत्र्याच्या पट्ट्यांची पाऊण. पाव इंचाहून बारीक जाळी तर चालतच नाही.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे सर्वांत जास्त नडतो, कारण डासांसाठी बारीक नायलॉनची जाळी लावल्याशिवाय कुणी भोक उघडं ठेवत नाही. आधीच सोलापूरची धूळ, त्यात पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या बाजूला यंत्रमागांमधून उडणारे सुताचे तंतू. बारीक जाळीवर महिन्याभरात नमद्यासारखा थर बसतो. जाळी दिसते, पण हवा येत नाही. म्हणून किमान मापाच्या मागे न लागता सहा बाय सहा इंचाची दोन भोकं ठेवावीत, बाहेरून पत्र्याच्या पट्ट्या लावाव्यात आणि डासांची जाळी लावायचीच असेल तर ती हाताने काढून धुता येईल अशा चौकटीत बसवावी.

खालची जाळी पॅसेजमध्ये किंवा खोलीत उघडत असेल तर माप एकदम बदलतं. दर 1,000 बीटीयूमागे एक चौरस इंच आणि कोणत्याही परिस्थितीत प्रत्येक भोक 100 चौरस इंचांपेक्षा कमी नाही. शिवाय ज्या जागेतली हवा गिझर वापरणार, ती सगळी मिळून 1,000 बीटीयूमागे 50 घनफूट हवी. आपल्या गिझरसाठी हे 2,050 घनफूट होतात. वर हिशेबाला घेतलेल्या बाथरूमचं आकारमान 192 घनफूट, म्हणजे गरजेच्या दहाव्या हिश्श्याएवढंही नाही. दाराखाली बोटभर फट आहे असं सांगून समाधान मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून बघावेत.

खालच्या जाळीला आणखी एक शत्रू आहे. शहरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे बाथरूममध्ये पिंप, टाकी, दोन-चार बादल्या कायमच्या मुक्कामाला असतात, आणि सोयीचा कोपरा नेमका जाळीपुढचाच असतो. जाळीसमोर वीतभर तरी मोकळी जागा राहील अशी पिंपाची जागा आधी ठरवावी आणि मगच भिंत फोडावी.

आता फॅनकडे येऊ. चिमणी पाइपातून धूर वर जातो तो गरम असतो म्हणून. दीड मीटर उभ्या पाइपाची ही नैसर्गिक ओढ जेमतेम चार-पाच पास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) भरते, म्हणजे फुंकरीपेक्षाही हलकी. उलट दार लावलेल्या बाथरूममध्ये, दाराखालच्या सेंटिमीटरभर फटीतून हवा ओढत चालणारा छोटा फॅनसुद्धा सहज 20 पास्कलच्या वर ताण तयार करतो. जिंकणार कोण, हे उघड आहे. फॅनला हवी तेवढी हवा खालून मिळत नाही, म्हणून तो ती चिमणीतून ओढतो. चिमणी उलटी वाहू लागते आणि जळालेला वायू वर जाण्याऐवजी गिझरच्या तोंडातून बाथरूममध्ये पसरतो. फॅन चालू असताना हवा जास्त बिघडते, हे पटायला जड जातं, पण चिमणीवाला गिझर आणि फॅन एकाच वेळी चालवू नये ते याचसाठी. फॅन आंघोळीनंतर वाफ काढायला चांगला. गिझर बंद करा, मग तो लावा.

बिनचिमणीचा गिझर असेल तर प्रश्न वेगळा. स्वस्तातले बरेच गिझर असेच असतात. वर फक्त झरोके, गोल तोंड नाही. अशाला नंतर पाइप जोडता येत नाही, आणि वर दिलेली जाळीची मापंही त्याच्यासाठी नाहीत, ती चिमणीवाल्यासाठी आहेत. बिनचिमणीचा गिझर बाथरूममध्ये बसवूच नये, हे आमचं स्पष्ट मत. तो गॅलरीत किंवा मागच्या मोकळ्या जागेत, पावसापासून आडोसा देऊन लावावा आणि फक्त गरम पाण्याची लाइन आत घ्यावी. पूर्वी पाण्याचा बंबही अंगणातच पेटायचा. आडोसा म्हणजे वरून पत्रा आणि वाऱ्याच्या बाजूला आड. गिझर दिसायला वाईट दिसतो म्हणून त्याभोवती कपाट करू नये, नाही तर तेच कपाट नवं बंद बाथरूम होतं. आतमध्ये आधीच बसवलेला असेल आणि हलवेपर्यंत चालवावा लागणार असेल, तर दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर आणि गॅस बंद करावा आणि मग आंघोळीला जावं. गिझरमधला 20 मिनिटांचा टाइमर इथे वाचवत नाही. नळ बंद करून पुन्हा सोडला की तो पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो.

चिमणीवाल्या गिझरच्या पाइपाबद्दल थोडं. गिझरच्या गोल तोंडाचा जो व्यास तोच पाइपाचा, कुठेही लहान करायचा नाही. तोंडापासून किमान दोन फूट सरळ वर, मग पहिला एल्बो. आडवा भाग कमीत कमी आणि त्यालाही मीटरमागे दोन सेंटिमीटर चढ. दोनपेक्षा जास्त काटकोनी एल्बो नकोत. पाइप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) किंवा स्टेनलेस स्टीलचा. पीव्हीसी 75-80 अंशांना मऊ पडतो, आणि किचन चिमणीची घड्यांची अॅल्युमिनियम नळी मध्येच लोंबते, तिथे पाणी साठतं. बाहेरच्या टोकाला वाऱ्या-पावसासाठी टोपी हवी आणि ते टोक कोणत्याही खिडकीपासून चार फुटांहून जवळ नको. जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या अपार्टमेंटमध्ये बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या अरुंद पोकळीत, उघडतात. तिथे पाइप सोडला, तर आपला धूर वरच्या मजल्यावरच्याच्या बाथरूममध्ये शिरतो आणि त्याला तो कुठून आला हेही कळत नाही. डक्टमध्ये फक्त फॅनची वाफ सोडावी, गिझरचा धूर कधीच नाही. आणि आत येणारी हवाही शक्यतो त्या डक्टमधून घेऊ नये.

सगळं बसवून झाल्यावर तपासणी उदबत्तीने होते. आधी गॅसच्या जोडांवर साबणाचा फेस लावून गळती नाही ना ते बघावं, फुगे आले तर उदबत्ती पेटवायचीच नाही. फुगे नसतील तर बाथरूमचं दार आणि खिडकी लावून गिझर पाच मिनिटं चालू ठेवा आणि उदबत्तीचा धूर गिझरच्या वरच्या तोंडाच्या कडेला धरा. धूर आत खेचला गेला तर चिमणी ओढतेय. धूर थरथरला किंवा अंगावर आला तर गिझर लगेच बंद करून दार उघडा. मग फॅन लावून हीच परीक्षा पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी धूर उलटा आला की फॅन आणि जाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मिस्त्रीलाही समजावावं लागत नाही. आरशावर आणि फरशीवर नेहमीपेक्षा जास्त दव धरणं हीसुद्धा खूण आहे. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि चिमणी ओढत नसेल तर ते सगळं आतच राहतं.

ज्योत निळी असावी. पिवळी टोकं दिसली तर बर्नरमध्ये धूळ, तंतू किंवा कोळ्याचं जाळं अडकलेलं असतं, नाही तर वरच्या तांब्याच्या पात्यांवर काजळी धरलेली असते. बोअरच्या पाण्याने आतल्या नळीत क्षार धरतो, पाणी कमी तापतं आणि आपण गॅसची कळ वाढवतो, म्हणजे हवेची गरजही वाढते. वर्षातून एकदा, दिवाळीआधी, दोन्ही साफ करून घ्यावं. निळी ज्योत म्हणजे मोनॉक्साइड नाहीच, असं मात्र समजू नये.

याच ठिकाणी आणखी एक गफलत होते: "वास आला नाही, म्हणजे गॅस नव्हता." वास येतो तो न जळलेल्या एलपीजीला, कारण त्यात मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड, म्हणून फरशीवर साचतो. वरचा फॅन त्याला हात लावत नाही, खालची जाळी मात्र त्याला वाट देते. वास आला तर फॅनच्या बटणालाही हात लावायचा नाही, ठिणगी तिथेच पडते. सिलिंडरचा नॉब बंद करा, दारं उघडा, बाहेर जाऊन 1906 ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही आणि तो हवेत सगळीकडे सारखा मिसळतो. डोकं दुखणं, मळमळ, पाय गळणं ही त्याची चाहूल, आणि पाय गळाल्यावर कडीपर्यंत हात पोहोचत नाही. आतला माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बाहेरून बंद करा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना गॅस गिझर चालू होता हे न विसरता सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी खोटा दिलासा देतो. मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही तो ऑक्सिजनवालंच समजून मोजतो.

अलार्म घेतानाही हेच दोन वायू डोक्यात वेगळे ठेवावेत. एलपीजीचा अलार्म जमिनीपासून फूटभरावर लागतो आणि तो मोनॉक्साइड ओळखत नाही. मोनॉक्साइडचा वेगळा असतो, तो डोक्याच्या उंचीवर आणि बाथरूमच्या वाफेत न लावता दाराबाहेर लावावा. दोन्हींच्या पाठीवर मुदत छापलेली असते. ती उलटली की बॅटरी नवी असूनही सेन्सरवर भरवसा ठेवता येत नाही.