डिस्कसची जोडी: नर-मादी की दोन माद्या?

डिस्कस या तबकडीसारख्या गोल, चपट्या माशांच्या टाकीत दोन मासे एक कोपरा धरून बाकीच्यांना हुसकावू लागले, समोरासमोर येऊन झुकू आणि थरथरू लागले, अंडी घालण्यासाठी ठेवलेला मातीचा कोन (शंकू) तोंडाने घासून स्वच्छ करू लागले, की ‘जोडी लागली’ असे आपण म्हणतो. जोडी लागलेली असतेच. ती नर-मादीची आहे, एवढे मात्र त्यावरून ठरत नाही. दोन माद्याही अगदी याच क्रमाने जोडी जमवतात, कोन राखतात, त्यावर अंडी घालतात आणि परांनी त्यांना वाराही घालतात. दुसरीकडे, खऱ्याखुऱ्या नर-मादीचीही पहिली काही अंडी अनेकदा फुकट जातात. दोन्ही टाक्यांत शेवटी दिसते ते एकच, कोनावर पांढरी पडलेली अंडी, आणि म्हणूनच या दोन परिस्थितींची गल्लत होते.

बाह्य रूपावरून नर ओळखण्याचे जे आडाखे सांगितले जातात, त्यांवर फार विसंबू नये. नर आकाराने मोठा, कपाळाने भरदार, ओठांनी जाड आणि पाठीच्या पराचे टोक लांबलेला असतो, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. पण उत्तम वाढलेली मादी आणि लहानपणी खुरटलेला नर शेजारी ठेवले, तर हाच नियम उलटा उत्तर देतो. पाठीच्या व पोटाच्या परांच्या कडांवरून शेपटीकडे काल्पनिक रेषा ओढण्याची पद्धतही प्रचलित आहे, परंतु निवड करून गोल अंगाच्या केलेल्या आजच्या रंगीत जातींत ती वारंवार चुकते. मी स्वतः एका विक्रेत्याकडून ‘पेअर’ म्हणून घेतलेल्या दोन माशांपैकी ज्याला कपाळावरून वर्षभर नर समजत होतो, ती मादी निघाली.

भरवशाची खूण एकच, ती म्हणजे प्रजनन नलिका, आणि ती अंडी घालण्याच्या आसपासच स्पष्ट दिसते. मादीची नलिका रुंद आणि टोकाला बोथट असते, कारण तिच्यातून अंडे बाहेर यायचे असते; नराची बारीक, आखूड आणि टोकदार असते. अंडी घालताना मादी कोनावर खालून वर सरकत अंड्यांची ओळ चिकटवते आणि नर त्याच वाटेने मागोमाग जाऊन वीर्य सोडतो. मात्र केवळ मागोमाग जाणे हा पुरावा नव्हे, कारण दुसरी मादीही तसेच फेरे मारते. माझ्या टाकीत चौथ्या खेपेला मी बाजूने हळूच बॅटरीचा उजेड धरून दोघांच्या पोटाखाली पाहिले, तेव्हा मागून जाणाऱ्या माशाची नलिकाही तितकीच रुंद होती, आणि थोड्या वेळाने तिनेही अंडी चिकटवायला सुरुवात केली. एका कोनावर नेहमीपेक्षा खूपच जास्त अंडी दिसली किंवा लागोपाठ दोन दिवस अंडी पडली, तर दोन माद्यांचा संशय घ्यावा.

ही वेळ हुकली तर अंड्यांकडे पाहावे. पाणी २९ अंशांच्या आसपास असेल, तर फळलेले अंडे मधासारखे पारदर्शक राहते, दुसऱ्या दिवशी त्यात काळसर ठिपका दिसू लागतो आणि सुमारे अडीच दिवसांत पिल्लू बाहेर येऊन वळवळू लागते. न फळलेले अंडे दूधासारखे पांढरे होते आणि मग त्यावर कापसासारखी बुरशी चढते. पुष्कळ जण बुरशीने अंडी मेली असे समजून मिथिलीन ब्ल्यू हे बुरशीवरचे औषध ओतत राहतात. प्रत्यक्षात बुरशी बहुधा मेलेल्या अंड्यावर आधी येते आणि तिथून शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. त्या टाकीत दोनच मासे असतील, तर शंभर पांढऱ्या अंड्यांत एकच काळवंडलेले अंडे सापडले तरी नराचा प्रश्न तिथेच मिटतो. मग दोष दुसरीकडे शोधायचा: नर कोवळा आहे, फिल्टरच्या जोरदार प्रवाहात वीर्य वाहून जाते आहे, किंवा पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे, आहे.

पाण्याचा मुद्दा मुंबईत विशेष लक्षात घ्यावा लागतो. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून येणारे महापालिकेचे पाणी पावसाचे साठवलेले, म्हणून तुलनेने हलके असते. क्लोरीन काढून टाकले की ते डिस्कसला बहुतेक मानवते. सोसायटीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जात असेल, तर मात्र त्याच नळाचे पाणी जड होते आणि सुदृढ नर असूनही अंडी फळत नाहीत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मीटरने मोजून, गरज पडल्यास आरओचे (क्षार गाळून काढलेले) पाणी मिसळून ते १०० पीपीएमच्या खाली आणावे आणि फिल्टर स्पंजचा ठेवावा.

पाणी हलके, प्रवाह मंद, आणि तरीही लागोपाठ तीन-चार खेपांना एकही अंडे काळवंडले नाही, तर दोघांना वेगळे करून त्यांपैकी एकीबरोबर पूर्वी पिल्ले दिलेला नर सोडावा. मी तेच केले. नव्या जोडीच्या दुसऱ्या खेपेला कोनाच्या खालच्या बाजूला अकरा अंडी काळवंडली, आणि त्यांतून निघालेली सात पिल्ले पोहू लागताच आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खायला त्यांच्या कुशीला जाऊन चिकटली.