करामती डबे (खेळण्यातली रेल्वे)

खेळण्यातल्या रेल्वेचे काही डबे नुसते इंजिनामागून धावत नाहीत, त्यांच्यात काहीतरी घडतं, माणूस बाहेर येतो किंवा जनावर मान खाली घालतं, त्यांना इथे करामती डबे म्हटलंय. यात सगळ्यात जास्त नाव झालं अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीचं. जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ती सुरू केली, पण या डब्यांचा बहर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीसेक वर्षांतला.

१९४७ चा दुधाचा डबा तुफान चालला. छतावरच्या झाकणातून छोटे कॅन आत सोडायचे, डबा बरोब्बर प्लॅटफॉर्मसमोर उभा करायचा आणि बटण दाबायचं, की दार उघडून पांढऱ्या कपड्यातला माणूस एक कॅन बाहेर ठेवतो आणि आत जातो. आत फक्त एक सोलेनॉइड, म्हणजे करंट मिळाला की दांडा खेचणारी कॉइल. मात्र त्याला करंट द्यायला ट्रॅकचा खास तुकडा लागतो आणि गाडी थांबवावी लागते. दोन वर्षांनी गुरांचा डबा आला, त्यातली गुरं थरथरत्या फळीवरून स्वतःच्या रबरी पायांनी सरकत डब्यातून गोठ्यात जातात. व्होल्टेज जास्त झालं की ती चालायच्या ऐवजी नाचतात आणि आडवी होतात, म्हणून ट्रान्सफॉर्मरचा दांडा अगदी हळू हळू सरकवायचा.

पण माझ्या मते खरी करामत चालत्या गाडीतली. पूर्वी अमेरिकेत ब्रेकमन मालगाडीच्या टपावरून चालत ब्रेक फिरवायचे, त्यामुळे कमी उंचीचा पूल किंवा बोगदा यायच्या आधी रुळांवर दोऱ्यांची झालर टांगलेली असायची, ती अंगाला लागली की खाली वाकायचं. लायोनेलने १९५६ मध्ये हाच ब्रेकमन डब्यावर उभा केला आणि १९६० पासून त्याच्या जागी जिराफ आणला, ब्राँक्स झूचा. डबा झालरीशी पोचतो, जिराफाची मान गपकन खाली जाते आणि झालर मागे पडली की परत वर येते. याला वीज लागतच नाही, रुळाच्या कडेला बसवलेली पट्टी डब्याखालची खुंटी सरकवते, एवढंच. दहाव्या फेरीलाही बघावंसं वाटतं कारण तो दर वेळी अगदी ऐन क्षणी वाकतो.

दुसरी जात फिरत्या फिल्मची. १९५७ च्या उघड्या मालडब्यात खोक्यांच्या भोवती एक पोलीस फुकट्या भटक्याच्या मागे पळतो, दोघंही एकाच पट्ट्यावर चिकटवलेले असल्यामुळे अंतर कधीच कमी होत नाही. ऑल्टरनेटिंग करंटने कॉइल थरथरते आणि त्या थरथरीनेच पट्टा फिरतो, वेगळी मोटर नाही. १९५९ च्या हिरव्या मत्स्यालय डब्यात हीच युक्ती, फक्त इथे फिल्मवर मासे रंगवलेत आणि मागे दिवा आहे. करंट मधल्या तिसऱ्या रुळावरून येतो, त्यामुळे इंजिन न्यूट्रलला टाकून गाडी उभी केली तरी मासे पोहतच राहतात. खोलीतले दिवे बंद केले की गाडी दिसत नाही, अंधारात खिडकीतून मासे तेवढे जाताना दिसतात.