लेगस्पिनर आणि एका अंशाची चूक

डिसेंबरातली सकाळ, सात वाजलेले. गोल्फ क्लब मैदानावर (कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण त्या नावाने पत्ता सांगणारा नाशिककर मला अजून भेटायचाय) तेरा-चौदा वर्षांचा एक पोरगा नेटमध्ये लेगस्पिन, म्हणजे मनगटाने चेंडू फिरवणारी गोलंदाजी, टाकत होता. दर चेंडूआधी बोटांवर फुंकर. पहिला फुलटॉस. दुसरा इतका आखूड की बॅट्समनला हसू आलं. तिसरा मात्र हवेत तरंगत पायांकडे आला आणि टप्पा पडल्यावर थेट ऑफ स्टंपबाहेर पळाला. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. त्याचे प्रशिक्षक सर म्हणाले, ‘‘हा ठीक. आधीचे दोन कुठं गेले रे?’’

सरांच्या प्रश्नाचं उत्तर भूमितीत आहे. समजा, चेंडू २.१ मीटर उंचीवरून, ताशी ८० किलोमीटर वेगाने सुटला. हवेचा अडथळा सोडून साधा हिशेब मांडला, तर हातातून सुटतानाचा कोन वर-खाली एका अंशाने चुकला की टप्पा जवळपास एक मीटर पुढे-मागे पडतो. चांगल्या टप्प्याची हाफ व्हॉली (टप्पा पडताच सहज मारता येणारा चेंडू) व्हायला तेवढं पुरतं. आडव्या दिशेची चूक आणखी वाईट. १५ मीटरवर एक अंश म्हणजे २६ सेंटीमीटर, आणि तिन्ही यष्ट्या मिळून रुंदी भरते २२.८६ सेंटीमीटर. म्हणजे एका अंशात अख्खे स्टंप हुकतात.

हा नियम बोटांनी चेंडू फिरवणाऱ्या ऑफस्पिनरलाही लागू आहे. पण त्याची बोटं चेंडूच्या पुढून फिरतात, काम त्या मानाने सरळ. लेगस्पिनरचं वाकवलेलं मनगट झटक्यात उघडतं, कोपराखालची दोन हाडं एकमेकांभोवती फिरतात, शिवणीवर टेकलेली अनामिका पीळ देते आणि हे सगळं चालू असतानाच चेंडू सोडायचा असतो. फिरत्या गोफणीतून नेमका दगड सोडण्यासारखंच. मनगट थोडं आधी उघडलं की फुलटॉस, थोडं उशिरा उघडलं की आखूड.

मग हा उपद्व्याप करायचाच कशाला? मनगटातून मिळणाऱ्या फिरकीसाठी. अव्वल लेगस्पिनरचा चेंडू मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेऱ्या घेतो. टप्प्यापर्यंतच्या पाऊण सेकंदात त्या पंचवीसेक होतात.

खरी गंमत हवेत आहे. फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा ओढत नेतो. मागे सुटणारा झोत त्यामुळे एका बाजूला वळतो आणि चेंडू उलट बाजूला ढकलला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. इतकं पुष्कळांना माहीत असतं. पण लेगब्रेक, म्हणजे लेगस्पिनरचा नेहमीचा चेंडू, बराचसा सुताराच्या गिरमिटासारखा फिरतो, म्हणजे त्याचा आस जवळपास प्रवासाच्याच दिशेने असतो. अशा फिरकीला सुरुवातीला मॅग्नसचा आडवा धक्का जवळजवळ मिळतच नाही. मग चेंडू खाली यायला लागतो. त्याचा मार्ग झुकतो, आस मात्र भोवऱ्यासारखा होता तसाच राहतो. आस आणि मार्ग यांच्यात कोन तयार झाला की धक्का सुरू होतो, उजव्या हाताच्या बॅट्समनच्या पायांकडे. म्हणून चेंडू आत येतो तो उशिरा, बॅट्समनचा पाय पडून गेल्यावर. पुढे जमिनीला लागताना चेंडूची खालची बाजू लेगकडे घासत जाते, म्हणून चेंडू उसळतो उलटा, ऑफकडे. १९९३ साली ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्नने इंग्लंडच्या माइक गॅटिंगच्या ऑफ स्टंपवरची उडवलेली बेल आठवा.

नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, तेव्हा चेंडू तेवढा कमी तरंगायला हवा. पण १० अंश सेल्सिअसची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के दाट असते. म्हणजे नाशिकची थंडीतली सकाळ आणि वानखेडेवरची दुपार जवळजवळ फिट्टंफाट! आणि कॉमेंट्रीत ‘दमट, जड हवा’ ऐकलं की मला हसू येतं. पाण्याची वाफ नायट्रोजनपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवा उलट किंचित हलकीच असते. थंडीचा तोटा वेगळा आहे. बोटं बधिर होतात आणि तो एक अंश हातातून निसटतो.

माझ्या मते लेगस्पिनरने बॅट का सोडू नये, याचं उत्तरही त्या एका अंशात आहे. ही कला मुरायला वर्षं लागतात आणि तोवर मार पडत राहतो. संघात टिकायला दुसरं काहीतरी हवं. शिवाय शरीर हिशेब चुकता करून घेतं. लेगस्पिनर चार पावलं चालून येतो. धावण्याचा वेग नसल्यामुळे जोर अंगाच्या आणि खांद्याच्या पिळातून काढावा लागतो. खांद्याची खोबण उथळ, त्यात मोठा गोळा बसवलेला. त्याला जागेवर धरायला चार छोटे स्नायू. वॉर्नच्या बोटावर १९९६ मध्ये आणि खांद्यावर १९९८ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तरीही त्याने ७०८ कसोटी बळी घेतले, पण तो वॉर्न होता.

आपल्या पुण्याच्या चंदू बोर्डेंचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. लेगस्पिन टाकणारे अष्टपैलू. खांदा दुखावला आणि गोलंदाजी मागे पडली. ५५ कसोटींत बळी ५२, धावा मात्र ३०६१. १९५९ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध एका डावात १०९ केल्या, दुसऱ्या डावात ९६ वर स्वतःच्याच यष्ट्यांना धक्का लागून (हिट विकेट) बाद झाले. चार धावा हव्या होत्या! अलीकडचा ऑस्ट्रेलियाचा नावाजलेला बॅट्समन स्टीव्ह स्मिथ घ्या. २०१० मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला तेव्हा तो आठव्या क्रमांकावर येणारा लेगस्पिनर होता. आज त्याची लेगस्पिन कितीजणांच्या लक्षात आहे?

आठच्या सुमाराला ऊन नेटवर आलं. पोराची अनामिका शिवणीने सोलली होती. सरांनी खिशातून चिकटपट्टी काढून दोन वेढे दिले.

‘‘सर, अजून एक ओव्हर टाकू?’’

‘‘पॅड बांध आधी. तीस बॉल खेळ, मग बघू.’’

पोराने तोंड वाकडं केलं, पण बॅट उचलली. ग्लोव्हमध्ये ते बोट काही केल्या वाकेना. शेवटी अनामिका सरळ ठेवूनच त्याने स्टान्स घेतला.