काउंट पडलेलं मूल, ताप आणि सीआरपी

कर्करोगावरची केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला की आईवडील विचारतात, ‘इन्फेक्शन झालंय का?’ एरवी सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीवरून, अंदाज तरी बांधता येतो, कारण जिवाणूंच्या संसर्गात पांढऱ्या पेशी सहसा वाढतात. इथे त्या पेशीच औषधांनी मारलेल्या असतात. पू धरत नाही, न्यूमोनिया असला तरी एक्स-रे जवळपास स्वच्छ येऊ शकतो. हाती उरतो नुसता ताप.

काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या, किती पडला म्हणजे धोका, हे १९६६ साली जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) ५२ रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं. न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे हजाराखाली गेले की संसर्ग वाढू लागतात. शंभराखाली जाऊन तिथेच रेंगाळले तर सर्वांत जास्त. स्यूडोमोनाससारखा जिवाणू रक्तात शिरला तर कल्चरचा (रक्तातला जिवाणू वाढवून ओळखण्याचा) रिपोर्ट हातात पडेपर्यंत रुग्ण दगावलेला असे. म्हणून १९७१ साली बाल्टिमोरमध्ये स्टीफन शिम्फ यांच्या गटाने वाट न पाहता ताप येताच कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही दोन अँटिबायोटिक सुरू करून पाहिलं. आजचा ‘ताप आला की लगेच ॲडमिट’ हा नियम तिथून आला, आणि त्याने असंख्य जीव वाचवले. पण ज्यांना गंभीर काही नव्हतं अशी मुलंही दिवसचे दिवस सलाइनला अडकून राहू लागली.

संसर्ग किती गंभीर आहे हे सुचवणाऱ्या रक्तातल्या खुणांचं खरं काम इथे सुरू होतं. अँटिबायोटिक द्यायचं की नाही, हा प्रश्न १९७१ मध्येच निकालात निघाला होता. कोणाला लवकर घरी सोडता येईल, हा प्रश्न उरला होता.

यातली एक खूण म्हणजे सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन). तो त्याआधीच, १९३० साली सापडलेला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात न्यूमोकॉकसच्या ‘सी’ शर्करेशी जुळून साका (गाळ) धरणारा पदार्थ दिसला. रुग्ण बरा झाला की तो नाहीसा होई. तो यकृतात तयार होतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी संपल्या तरी वाढू शकतो. मात्र त्याची चाल संथ आहे. पूर्ण चढायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून ताप आल्या आल्या काढलेला कमी सीआरपी पाहून निश्चिंत होणं धोक्याचं. केमोने तोंड सोलवटलं तरीही तो वाढतो, हा आणखी एक घोळ.

१९९३ साली पॅरिसमधल्या गटाने ७९ मुलांच्या तपासणीतून प्रोकॅल्सिटोनिन ही रक्तातली आणखी एक खूण पुढे आणली. गंभीर जिवाणूसंसर्गात ते काही तासांत चढतं. इंटरल्युकिन ६ आणि ८ (पेशींमधले निरोप नेणारी प्रथिनं) त्याहून चपळ, पण रोजच्या लॅबमध्ये ती सहसा होत नाहीत.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते चिलीतलं काम. २००१ साली मारिया एलेना सांतोलाया यांच्या गटाने सँटियागोच्या रुग्णालयांतून धोक्याच्या पाच खुणा काढल्या: सीआरपी लिटरला ९० मिलिग्रॅम किंवा अधिक, रक्तदाब कमी, बरा होऊन पुन्हा उलटलेला ल्युकेमिया, प्लेटलेट ५० हजार किंवा कमी, आणि केमो होऊन आठवडाही न झालेला. महागडं यंत्र नाही, साधी तपासणी. पुढे २००४ मध्ये त्यांनी कमी धोक्याच्या मुलांना लवकर घरी सोडून बाह्यरुग्ण विभागात उपचार देऊन पाहिले, आणि ते सुरक्षित ठरलं. पण असे नियम दुसऱ्या देशात नेले की तितकेच चालतात असं नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही आपापल्या रुग्णांवर नियम तपासून घ्यायला सांगतात.