संदर्भ तबकडी

प्लेअर, टीव्ही किंवा प्रोजेक्टर यांचा कस पाहण्यासाठी संग्राहक पुन्हा पुन्हा लावतो, त्या तबकडीला संदर्भ तबकडी म्हणतात. काहींवर चाचणीसाठी रंगपट्टे व राखाडी छटांच्या पायऱ्या असतात, तर काही म्हणजे उत्तम प्रतीवरून काढलेले चित्रपटच असतात.

पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीतील (भारतातही हीच रूढ होती) व्हीसीडीवर ३५२ × २८८, डीव्हीडीवर ७२० × ५७६, तर ब्लू-रेवर १९२० × १०८० ठिपके मावतात. तरीही दर्जा एवढ्यावरच ठरत नाही. एकाच चित्रपटाच्या दोन डीव्हीडींपैकी एक माहिती साठवणाऱ्या ४.७ जीबीच्या एका थरात दाबून बसवलेली आणि दुसरी ८.५ जीबीच्या दोन थरांत ऐसपैस असेल, तर फरक अंधाऱ्या प्रसंगात उघड होतो: समईच्या उजेडाची भिंतीवर विरत जाणारी कड पहिलीत चौकोनी ठिगळांत तुटते, दुसरीत सलग राहते. म्हणून तुलनेचा प्रसंग अंधाराचाच निवडावा. प्लेअर, केबल आणि टीव्हीची मांडणी मात्र तीच ठेवावी.

दोष तबकडीचा की यंत्राचा, हे ओळखणे खरे कसबाचे काम आहे. दोन वेगळ्या प्लेअरांवर चित्र एकाच क्षणी अडखळले तर बहुधा तबकडी खराब असते. अडखळण्याची जागा दर वेळी बदलत असेल तर संशय प्लेअरवर घ्यावा. दुहेरी थराच्या डीव्हीडीत थर बदलताना येणारा क्षणभराचा थांबा हा दोष नव्हे.

नाशिकच्या पावसाळ्यात, विशेषतः जुन्या वाड्यांच्या कोंदट खोल्यांत, तबकड्यांवर बुरशी धरू शकते. ती मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून कधीही पुसू नये. कारण माहितीचा मार्ग तबकडीवर गोलाकार फिरतो; त्याच्याच दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती खातो आणि प्लेअरला चूक भरून काढता येत नाही.

गतीही तपासावी लागते. सेकंदाला २४ चौकटींचा (स्थिर चित्रांचा) चित्रपट पाल डीव्हीडीवर २५ चौकटींनी चालतो, त्यामुळे शंभर मिनिटांचा खेळ ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. मूकपटांत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ नंतर नाशिकमध्ये काढलेल्या चित्रपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि गती बहुधा २४ चौकटींहून कमी असे. असा चित्रपट गती न जुळवता तबकडीवर उतरवला, तर पात्रे धावतपळत चालल्यासारखी दिसतात.