बॅगेवर ओआरडी, तोंडात ओहेअर

शिकागोला जाणाऱ्या बॅगेला काउंटरवर जो कागदी टॅग लावतात त्यावर ओआरडी छापलेलं असतं, आणि पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास दचकतो की शिकागोच्या स्पेलिंगमधे आर आणि डी आले कुठून, बॅग भलतीकडेच तर चालली नाही ना. बरं शिकागोच्या माणसाला विचारावं तर तो ओआरडी म्हणत नाही, शिकागो एअरपोर्टही म्हणत नाही. तो म्हणतो 'आय अ‍ॅम अ‍ॅट ओहेअर'. पाटीवरचं नाव चांगलं लांबलचक आहे, शिकागो ओहेअर इंटरनॅशनल एअरपोर्ट, त्यातला एकच शब्द त्याने ठेवला आणि बाकीचे टाकून दिले.

(ओआरडीचा उलगडा असा, की त्या जागेचं जुनं नाव ऑर्चर्ड फील्ड. दुसऱ्या महायुद्धात मारला गेलेला नौदलाचा पायलट एडवर्ड ओहेअर याचं नाव 1949 मधे विमानतळाला दिलं, पण बॅगेवर छापायचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड जुन्या नावाचाच राहिला.)

आता प्रश्न हा की कुठला शब्द टिकतो आणि कुठला गळतो, हे ठरवतं कोण? सरकार तर नक्कीच नाही. जॉर्ज झिफ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने गेल्या शतकात दाखवून दिलं होतं की भाषेत जे शब्द जास्त वापरले जातात ते आखूड असतात, रोज लागणारी गोष्ट कोण कशाला लांबड लावून म्हणेल. पण नुसतं आखूड असून भागत नाही, समोरच्याला नक्की कुठलं ते कळायलाही पाहिजे. शिकागोत मिडवे नावाचं दुसरं एअरपोर्ट आहे, त्यामुळे तिथे नुसतं 'द एअरपोर्ट' म्हटलं तर टॅक्सीवाला विचारणारच, कुठलं? एकच विमानतळ असलेल्या गावात मात्र 'द एअरपोर्ट' म्हणून काम भागतं, तिथे नावाचं कोणाला काही पडलेलं नसतं.

हीथ्रोचंच बघा ना. 1946 मधे ते सुरू झालं तेव्हा त्याचं अधिकृत नाव नुसतं लंडन एअरपोर्ट होतं. हीथ्रो ही त्या जागेवरची एक छोटीशी वस्ती, विमानतळ बांधताना ती पाडली. पुढे लंडनचंच दुसरं एअरपोर्ट, गॅटविक, तेही मोठं झालं, मग लंडन एअरपोर्ट म्हणजे कुठलं हा घोळ आलाच, आणि 1966 मधे अधिकृत नावातही हीथ्रो आलं. वस्ती गेली, नाव जगभर झालं.

इथे इंग्रजी व्याकरणाची एक गंमत आहे जी आपल्याला शाळेत कोणी सांगितली नाही. थेम्स नदीला 'द' लागतो, ब्रिटिश म्युझियमला 'द' लागतो, पण हीथ्रोला लागत नाही, पॅडिंग्टन स्टेशनलाही नाही. 'द हीथ्रो' असं कोणी म्हटलं की इंग्रज माणसाच्या कानाला खटकतं. पण डेन्व्हरसारख्या शहराचं नाव नुसतं विशेषण म्हणून पुढे जोडलं तर 'द डेन्व्हर एअरपोर्ट' बिनधास्त चालतं. म्हणजे 'द' आहे की नाही यावरून कळतं की बोलणाऱ्याच्या डोक्यात ते स्वतंत्र नाव आहे की 'डेन्व्हरवालं एअरपोर्ट' असं नुसतं वर्णन.

आणि त्याहून भारी काम करतात ते 'अ‍ॅट' आणि 'इन'. शहरात माणूस 'इन' असतो, विमानतळावर 'अ‍ॅट'. 'आय अ‍ॅम इन डेन्व्हर' म्हणजे गावात आलोय, आणि 'आय अ‍ॅम अ‍ॅट डेन्व्हर' असं कोणी फोनवर म्हटलं तर बहुतेक तो गेटजवळ बसून पुढच्या फ्लाइटची वाट बघतोय, एअरपोर्ट हा शब्द न उच्चारताच समजलं. आपल्याकडे हेच काम प्रत्यय करतात, दादरला राहतो आणि दादर स्टेशनवर उभा आहे, पण आपल्याला 'स्टेशन' बोलावं लागतं, नुसतं 'दादरवर' म्हणून चालत नाही.

डेन्व्हरच्या लोकांनी तर अजून वेगळीच सोय केलीय. कोड आहे डीईएन, पण लोक म्हणतात डीआयए, डेन्व्हर इंटरनॅशनल एअरपोर्टची आद्याक्षरं, कोड गेला खड्ड्यात. लॉस एंजेलिसला उलट, कोडच नाव झालाय. तिथे आधी एलए असा दोन अक्षरी कोड होता, तीन अक्षरी कोड आले तेव्हा मागे एक एक्स चिकटवला, त्या एक्सला काही अर्थ नाही. पण ते 'लॅक्स' असं कोणी वाचत नाही, एल-ए-एक्स असं सुटं सुटंच म्हणतात. 'लॅक्स' म्हणजे इंग्रजीत ढिला, सैल, आणि ढिलं एअरपोर्ट कोणाला आवडेल! सिअ‍ॅटल-टकोमाचं मात्र 'सीटॅक' असं चांगलं बोलता येणारं नाव झालं, इतकं रुजलं की 1990 मधे विमानतळाभोवतीच्या वस्तीचं शहर झालं तेव्हा त्याचं नावही सीटॅकच.

सगळ्यात मजा येते ती नाव बदलतात तेव्हा. न्यूयॉर्कच्या मोठ्या विमानतळाला लोक आयडलवाइल्ड म्हणायचे, केनेडींच्या हत्येनंतर महिन्याभरात, डिसेंबर 1963 मधे, त्यांचं नाव दिलं, आणि जुनं नाव बघता बघता विरलं. याउलट वॉशिंग्टनचं नॅशनल. 1998 मधे त्या विमानतळाला माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं नाव जोडलं, 2001 मधे तर संसदेने मेट्रो स्टेशनच्या पाट्याही बदलायला लावल्या, तरी कित्येक जुने वॉशिंग्टनकर अजून नॅशनलच म्हणतात, आणि कोण नॅशनल म्हणतो, कोण रेगन, यावरून लोक त्याचं राजकारणही ताडायला बघतात. हा फरक का पडला? माझ्या मते न्यूयॉर्कला सगळा देश दुःखात होता आणि शिवाय कोडही बदलून जेएफके झाला, म्हणजे तिकिटावर, बॅगेवर, सगळीकडे तेच नाव समोर. नॅशनलचा कोड डीसीए होता, तो आजही तोच आहे.

मुंबईचा बीओएमही तसाच जागच्या जागी आहे. 1999 मधे विमानतळाला महाराजांचं नाव दिलं, 2018 मधे त्यात 'महाराज' हा शब्दही आला, पण अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला आणायला रात्री दोन वाजता निघालेल्या मामाला कुठे चाललास विचारलं तर तो अजूनही म्हणेल, सहारला. आणि भाचा फोनवर म्हणेल, मामा, टी-टूला ये.